शेवंतीला अंधार हवा होता

बँकेत ३८ वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कशात काय घातले आणि त्यातून काय निघाले, याचा ताळा तो मनातल्या मनात जुळवीत राहतो. २०१८ साली निवृत्त झालो आणि कोथरूडच्या आमच्या तळमजल्याच्या घरापुढे १२ फूट बाय ८ फूट एवढी जी जमीन आहे, तिच्यात फुलझाडे लावायला घेतली, तेव्हा ही खोडही माझ्याबरोबर मातीत उतरली. कादंबऱ्या लिहिताना तिचा कधी उपयोग झाला नव्हता. वाटले, इथे होईल. जितके घालू तितके मिळेल, एवढा साधा हिशेब!

मोगऱ्याने तो पहिल्याच वर्षी चुकवला. त्याला मी बारा महिने पाणी घातले, महिन्याला खत घातले. पाने अशी तरारली की येणारा-जाणारा कौतुक करी. फुले मात्र उन्हाळाभरात मोजून एकोणीस. सोसायटीत येणारे माळीमामा हसले. म्हणाले, ''साहेब, याला जरा उपाशी ठेवा की.'' पुढच्या वर्षी डिसेंबरअखेर पाणी तोडले, जानेवारीत छाटणी केली, उरलीसुरली पानेही काढली. मग शेणखत आणि भरपूर पाणी. चैत्रात झाड पांढरे झाले. संध्याकाळी ओंजळभर कळ्या माठाशेजारी ठेवल्या, की सगळे घर थंड झाल्यासारखे वाटे.

गुलाबाचेही तेच. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात त्याच्यावर कात्री चालवावी लागते. आमच्या हिचा जीव वरखाली होतो; चांगल्या हिरव्या फांद्या अशा कशा कापायच्या? पण कापल्या, की सहा-सात आठवड्यांनी थंडीबरोबर फुले येतात. तेरडा तर लावावाच लागत नाही. गेल्या वर्षीचे बी आपसूक रुजते आणि गौरींच्या सुमारास दारात उभे राहते. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणून आपण त्याला उगाच बदनाम केले आहे. फूल थोड्या दिवसांचे असेल. झाड मात्र भाद्रपदभर रोज नवे फूल देते.

असो. सांगायची गोष्ट शेवंतीची आहे.

२०२२ च्या जूनमध्ये सोसायटीतून एक दुचाकी चोरीला गेली. तातडीची सभा झाली आणि फाटकाजवळ एलईडीचा मोठा दिवा बसला. ठरावावर माझीही सही आहे. दिवा असा झगझगीत, की रात्री आमच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचता यावे. त्याच महिन्यात मी शेवंतीचे बुडाशी फुटलेले नवे फुटवे लावले होते. महिन्याने शेंडे खुडले, झाडे छान डेरेदार झाली. दसरा गेला, दिवाळी गेली. कळीचा पत्ता नाही. मी खत बदलले, औषध फवारले, रोपांना नावे ठेवली. झाडे नुसती पालेभाजीसारखी माजली.

एके सकाळी हिने विचारले, ''मागच्या कुंडीला तुम्ही वेगळं काय घातलंत?'' मागे, कपडे धुण्याच्या दगडापाशी, त्याच फुटव्यांतली एक कुंडी जागा नाही म्हणून ठेवली होती आणि विसरलो होतो. जाऊन पाहिले तर पिवळ्याधमक फुलांनी भरलेली. तिला मी काहीच घातले नव्हते. तिथे रात्री अंधार होता, एवढाच फरक.

मग पुस्तके उघडली. १९२० साली गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की काही झाडे दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखतात. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती. उन्हाळ्यात ती शेतात माणसाहून उंच वाढे, पण फुलत नसे. दिवस लहान केल्यावर फुलली. पुढे १९३८ मध्ये असे लक्षात आले, की अशी झाडे खरे तर दिवस मोजत नाहीत, रात्र मोजतात. रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ उजेड पाडला, तरी त्यांचा हिशेब मोडतो. शेवंती याच जातकुळीची. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. एवढ्याशा फरकावर तिचे सारे पंचांग चालते. आमच्या दिव्याने तिच्यापुरता कायमचा जून महिना करून टाकला होता.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात वार्षिक सभेला मी तयारीने गेलो. दहानंतर दिवा बंद करावा, असा माझा प्रस्ताव. १९२० पासूनची हकिगत सांगून झाली. काही जण हसले, काहींनी घड्याळात पाहिले. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची मुलगी उठली. नोकरीवरून ती रात्री साडेअकराला परतते. म्हणाली, ''काका, फाटकापासून जिन्यापर्यंत मला रोज एकटीला यायचं असतं. मला दिवा वाटेवर हवाय, तुमच्या शेवंतीवर नव्हे.''

खरे सांगतो, मला माझी लाज वाटली. तिच्या येण्याची वेळ मला ठाऊक होती. माझ्या हिशेबात ती कुठेच नव्हती. पण तिच्या बोलण्यातच उत्तरही होते. दुसऱ्या दिवशी वायरमनने दिव्यावर पत्र्याची टोपी बसवली आणि त्याचे तोंड खाली वळवले. खर्च साडेतीनशे रुपये, माझ्या खिशातून. वाट पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसू लागली, कारण डोळ्यांवर येणारी तिरीप गेली. वाफ्यावर अंधार पडला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेला शेवंती घरची होती.

तेव्हापासून शहरातून हिंडताना माझी नजर दिव्यांवर जाते. सुशोभीकरण म्हणून झाडांच्या खोडांना आणि फांद्यांना विजेच्या माळा गुंडाळलेल्या दिसतात. जाहिरातींचे फलक रात्रभर कोणासाठी जळतात, कळत नाही. आणि त्याच शहरात बसथांब्यापासून घरापर्यंतच्या कितीतरी गल्ल्या काळोख्या आहेत. म्हणजे उजेड कमी आहे असे नाही. तो भलतीकडे पडतो आहे. अंधार म्हणजे धोका आणि उजेड म्हणजे प्रगती असे आपण सरसकट धरून चाललो, म्हणून ही उधळपट्टी आपल्याला खुपत नाही. बाईमाणसाच्या वाटेवरचा दिवा ही गरज आहे, तिथे काटकसर नको. झाडावरच्या माळा ही हौस आहे, आणि तिची किंमत झाडाकडून वसूल होते.

वाचकहो, आज रात्री जेवण झाल्यावर जरा खाली उतरा आणि आपल्या सोसायटीतला दिवा पाहा. तो वाटेवर पडतो आहे, की शेजाऱ्याच्या खिडकीत, की एखाद्या झाडाच्या डोक्यावर? तोंड वळवायला फारसा खर्च येत नाही. सभेत मात्र बोलावे लागेल, आणि बोलण्याआधी रात्री उशिरा येणाऱ्यांना विचारावे लागेल. मी ते विचारले नव्हते.

माझ्या वहीत बागेचा जमाखर्च अजून मांडतो. पूर्वी त्यात काय घातले एवढेच लिहीत असे. आता एक रकाना वाढवला आहे, काय घातले नाही त्याचा. मोगऱ्यापुढे पाणी, शेवंतीपुढे उजेड.