भाकरी सोडावी काय?

सांप्रत आपल्या वऱ्हाडातही भाकरी व वरण वर्ज्य करून लोणी, अंडी नि पनीर यांवर राहण्याची टूम कानी येते. ‘कीटोजेनिक’ आहार तो हाच.

याचा जन्म वजन उतरविण्यासाठी झालेला नाही. उपवासाने अपस्माराचे झटके थांबतात, हा अनुभव पुरातन होय. मार्काच्या शुभवर्तमानातील झटके येणारा मुलगा आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. परंतु लेकरास उपाशी किती दिवस ठेवावे? म्हणून 1921 साली अमेरिकेतील डॉ. वाइल्डर यांनी पिष्टमय अन्न अत्यल्प व स्निग्ध अन्न पुष्कळ देण्याची युक्ती सुचविली. तेणेकरून यकृत चरबीपासून कीटोन बनविते व मेंदू बव्हंशी त्यांवर चालतो. औषधांस न जुमानणाऱ्या अपस्माराच्या 145 मुलांवरील लंडनची चाचणी 2008 साली प्रसिद्ध झाली. हा आहार दिलेल्यांपैकी शेकडा 38 मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले. इतरांत शेकडा 6 च.

हा लाभ आम्हांस थोर वाटतो. फेफरे येताच कांदा वा जोडा हुंगविणाऱ्या, शाळेपासून दुखणे लपविणाऱ्या पालकांनी ते निःसंकोच आम्हांस कळवावे व मेंदूच्या डॉक्टरांस गाठावे.

निरोगी मुलाची गोष्ट निराळी. या पथ्यात दिवसाकाठी पिष्ट बहुधा 20 ते 50 ग्रॅम. ज्वारीची एक जाड भाकरीच ते संपविते! प्रौढांचे वजन व मधुमेह्यांची साखर काही महिने उतरते खरी. पण औषधे चालू असता स्वमताने हे पथ्य धरिल्यास साखर घातक रीतीने खाली जाऊ शकते. मुलांत मूतखडा होण्याचे व वाढ खुंटण्याचे भय असते, म्हणून रुग्णालयातही घास तोलून, रक्त तपासूनच हा आहार देतात.