पुलावरच्या गोळ्यांनंतर

अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा जन्मदिवस १ नोव्हेंबर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागेच. साताऱ्यात १९४५ साली जन्मलेला, सांगलीत कबड्डी खेळलेला, मिरजेत डॉक्टर झालेला हा माणूस आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा. तो पंधरा वर्षे ‘साधना’ साप्ताहिकाचा संपादकही होता. त्यामुळे दिवाळी अंक काढताना त्यांची आठवण टाळता येत नाही, आणि टाळूही नये.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. पण ती सुरुवात नव्हती. त्याआधी कित्येक वर्षे धमक्या येत होत्या, त्यांना धर्मद्रोही ठरवणं चालू होतं. आपण ते पाहत होतो. पुढे कोल्हापुरात कॉम्रेड पानसरे, धारवाडला कलबुर्गी, बंगळुरूत गौरी लंकेश यांचेही खून झाले.

१० मे २०२४ रोजी दाभोलकर खून खटल्याचा निकाल लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. खुनामागचे खरे सूत्रधार शोधण्यात तपास यंत्रणा अपयशी ठरल्या, हे न्यायालयानेच नोंदवलं. जवळजवळ अकरा वर्षांनी!

इटलीतही एकदा असंच घडलं होतं. तिथे मुसोलिनीच्या काळ्या डगल्यांच्या टोळ्या आधी शेतमजुरांच्या संघटना आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्या फोडत हिंडल्या. मग ३० मे १९२४ रोजी जाकोमो मात्तेओत्ती या खासदाराने निवडणुकीतली दहशत भर सभागृहात मांडली आणि ११ दिवसांनी, १० जूनला, त्यांना पळवून नेऊन मारलं गेलं. देश हादरला. मुसोलिनीचं आसन डळमळलं. पण विरोधक सभागृह सोडून बाहेर बसले, राजा काहीतरी करील म्हणून वाट पाहत राहिले. राजाने काही केलं नाही. ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनी उभा राहिला आणि घडल्या प्रकाराची जबाबदारी त्याने उघडपणे अंगावर घेतली. त्याला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. मला त्या खुनापेक्षा नंतरचे हे सहा-सात महिने जास्त भयंकर वाटतात.

हा इतिहास आपल्यापासून फार लांबचा नाही. हिंदू महासभेचे नेते, नागपूरचे डॉ. मुंजे १९३१च्या मार्चमध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले होते, तिथलं तरुणांचं लष्करी शिक्षण पाहून भारावले होते. भारत म्हणजे तेव्हाची इटली नव्हे, हे खरंच. पण सप्टेंबर २०२३मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचं निमित्त झालं, जमाव मशिदीवर चालून गेला आणि एक तरुण मारला गेला. मजकूर कुणी टाकला, हे तपासायला तो जमाव थांबला नव्हता. गांधीहत्येनंतर १९४८ साली याच भागात, ज्यांचा खुनाशी काडीचा संबंध नव्हता अशा ब्राह्मण कुटुंबांची घरं पेटवली गेली, तेव्हाही जमाव असाच होता. जात-धर्म बघून आपला राग वाटून घेण्याची सवय आपण मोडली पाहिजे. दोन्ही ठिकाणचे बळी आपलेच शेजारी.

धमकी एकालाच येते, पण तिची खरी कमाई बाकीच्यांकडून होते. व्याख्यानमाला वक्ता बदलते, सभागृह ऐनवेळी ‘दुरुस्तीसाठी’ बंद होतं, संपादक एक परिच्छेद काढून टाकतो. यातलं काहीच बातमीत येत नाही.

म्हणून या अंकात पुसेसावळीवरचा लेख आहे, दाभोलकर खटल्यावरचा आहे. कुणी दुखावेल या भीतीने त्यांतलं एकही वाक्य काढलेलं नाही. सातारा-सांगलीतल्या ज्या वाचनालयांची, मंडळांची व्याख्यानं धमकावून बंद पाडली गेली असतील, त्यांनी आम्हाला लिहावं. ती व्याख्यानं आम्ही पुढच्या अंकात छापू.