रोजा, मिस्वाक आणि हिरड्या

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ या म्हणीने दात पडण्याचे खापर म्हातारपणावर फोडले आहे. प्रत्यक्षात पन्नाशीत दात हलू लागतात, त्यामागे बहुतेक वेळा हिरड्यांचा जुना आजार असतो. ब्रश करताना दिसणारे रक्त ही त्याची पहिली खूण. आपल्याकडे ती ‘उष्णता झाली असेल’ म्हणून थुंकून टाकली जाते.

रमजानमध्ये या दुर्लक्षाला आणखी एक सबब मिळते. रोजा तुटेल या भीतीने दिवसा दातांना काही लागत नाही, सेहरीत घाई असते आणि तरावीहनंतर झोप अनावर होते. महिनाभर ब्रश कोरडाच राहतो.

इतक्या दिवसांत काय होते? हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमधील एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे थांबवले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे आजाराची सुरुवात व्हायला आणि ती परतवायलाही रमजानचा एक महिना पुरेसा आहे.

तोंडात शेकडो प्रकारचे जिवाणू राहतात, बहुतेक निरुपद्रवी. लाळ त्यांना धुऊन काढत असते. रोज्यात लाळ कमी होते आणि इफ्तारच्या गोड शरबतावर पोसलेला जिवाणूंचा चिकट थर दातांवर तसाच राहतो. तो न काढल्यास कडक होऊन त्याचे कीट बनते. मग हिरडीखालच्या फटीत, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जिवाणू वाढतात. त्यांच्याशी लढताना शरीर दाताला धरून ठेवणारे हाडच झिजवते. ते हाड सहसा परत येत नाही. मधुमेह असेल तर दोन्ही आजार एकमेकांना बळ देतात.

रोजेदाराच्या तोंडाच्या वासाला हदीसमध्ये मान आहे. पण तो मान उपवासाचा आहे, हिरडीतल्या पुवाचा नाही. त्याच हदीसमध्ये मिस्वाकलाही मोठे महत्त्व आहे. बहुतेक उलेमा रोज्यात मिस्वाक करायला परवानगी देतात. पेस्टचा अंश गिळला जाण्याची शंका असेल, तर सेहरीनंतर फज्रच्या अजानपूर्वी आणि रात्री झोपताना ब्रश करावा. देगलूर नाक्यावर किंवा गंजगोलाईत घेतलेली मिस्वाकची काडी खिशात शोभेला ठेवून उपयोग नाही. ती हिरडीच्या कडेने हळुवार फिरली पाहिजे. शेजारच्या घरातल्या कडुनिंबाच्या दातवणालाही हाच नियम लागू.

खरी लबाडी तंबाखू करते. मिश्री लावणाऱ्या बायकांना आणि गुटखा खाणाऱ्या तरुणांना हिरड्यांतून रक्त कमी दिसते, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत वाढत राहतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. जो माणूस दिवसभर तिच्याशिवाय राहू शकतो, त्याने इफ्तारनंतर ती पुन्हा का फोडावी?

‘दात साफ केले की सैल होतात’ हा समजही सोडावा. कीट निघाल्यावर आधीच झालेली झीज फक्त उघडी पडते. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत दंत महाविद्यालये आहेत. ईदच्या कपड्यांसाठी बाजाराच्या चार चकरा होतात. त्यातली एक तिकडे व्हावी. मशिदींच्या कमिट्यांनीही जुम्याच्या बयानानंतर दोन मिनिटे या विषयाला द्यावीत.