आजोबांचे घर

यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग अमेरिकेतल्या वर्णभेदावर आहे. गुलामगिरीचा इतिहास त्यात आहेच, पण माझे मन अडकले ते आजच्या एका अवघडलेपणात. एरवी मोकळेपणाने बोलणारी काही गोरी माणसे वर्णाचा विषय निघाला की लगेच अंगाला लावून घेतात. 'मी रंग बघतच नाही', 'माझे कितीतरी मित्र कृष्णवर्णीय आहेत' अशी उत्तरे, कुणी काही विचारलेले नसताना, येऊ लागतात. कुणी उठून जाते, कुणाला रडू कोसळते, आणि उरलेला वेळ त्यांची समजूत घालण्यात जातो.

चोराच्या मनात चांदणे, असे म्हणून हे झटकून टाकता येणार नाही. वर्णद्वेष म्हटले की या माणसांना दिसतात ते कू क्लक्स क्लॅनचे पांढरे बुरखे, १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये मुलांवर सोडलेले पोलिसी कुत्रे. त्यातले आपण नाही, हे ते मनापासून सांगत असतात. आणि त्यांच्याकडे एक भक्कम पुरावा असतो: आजोबा. आजोबा युद्धावरून परतले, कारखान्यात राबले, कर्ज काढून घर घेतले. यातला शब्द न् शब्द खरा असतो.

पण न्यूयॉर्कजवळच्या लेविटाउनचे सुरुवातीचे छापील भाडेकरार पाहा. १९४७ पासून तिथे युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी हजारो घरे उभी राहिली. गोऱ्या वंशाखेरीज कुणाला इथे राहू देणार नाही, असे कलम त्या करारात होते. घरकामाच्या नोकरांना तेवढी सूट होती. दोन वर्षांनी तिथली नवी घरे ७,९९० डॉलरला विकायला निघाली. कर्जाला सरकारची हमी होती. त्याच युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला मात्र तिथे दार बंद. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये अशा अटींची अंमलबजावणी करायला नकार दिला, तरी ही घरे बांधणाऱ्या लेविटने ती गोऱ्यांनाच विकली. घरांच्या व्यवहारातला भेदभाव बेकायदा ठरायला १९६८ उजाडले. तोवर गोऱ्यांच्या त्या घरांची किंमत कितीतरी चढली होती. पुढे त्यावर मुले शिकली, नातवंडांना वारसा मिळाला.

हे ऐकताना नातवाला वाटते की आजोबांच्या घामाचा हिशेब कुणी खोडते आहे. दुखते ते तिथे. आजोबा राबले आणि दार फक्त त्यांच्यासाठी उघडे होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानणे फार जड जाते.

रॉबिन डीअँजेलो या गोऱ्या लेखिकेने २०११ मध्ये या हळवेपणावर लिहिले. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर याच विषयावरचे तिचे पुस्तक घरोघरी पोहोचले. तिचे निरीक्षण मला पटते. मात्र प्रत्येक शंका हा हळवेपणाचाच पुरावा मानला, तर बोलणेच खुंटते.

हा हळवेपणा आपल्यालाही परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना. बरोबर दीडशे वर्षांनी सिएटल शहराने जातिभेदावर कायद्याने बंदी घातली, तेव्हा तिथल्या काही भारतीय संघटना विरोधात उभ्या राहिल्या. हा कायदा आम्हालाच वेगळे काढून बदनाम करतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वादावरचा लेख या विभागात आम्ही मुद्दाम सर्वांत आधी घेतला आहे.