वर्गणीदार की भाडेकरू?

‘ब्लॅक मिरर’ या इंग्रजी विज्ञानकथामालेचे सातवे पर्व १० एप्रिल २०२५ रोजी प्रदर्शित झाले. २०११ साली ब्रिटनच्या चॅनल फोरवर सुरू झालेली ही माला २०१६ पासून नेटफ्लिक्स या अमेरिकी कंपनीच्या हाती आहे. नव्या यंत्रविद्येमुळे माणसामाणसांतील संबंधांना कोणते विकृत वळण लागू शकते, हा तिचा विषय. २०२३ च्या सहाव्या पर्वात भुताखेतांच्या कथा शिरल्या, तेव्हा माला आपला विषय सोडून भरकटली अशी तक्रार अनेक चाहत्यांनी केली होती. सातव्या पर्वाने ती मूळ वाटेवर परतली, असे त्यांच्यापैकी पुष्कळांचे मत पडले. आवडीनिवडीचा हा भाग सोडून दिला, तरी या प्रतिक्रियांतील एक गोष्ट गंभीरपणे विचारात घेण्यासारखी आहे. पर्वातील पहिल्याच कथेविषयी प्रेक्षकांनी पुन्हापुन्हा एकच उद्गार काढला : यात भविष्यकाळ कोठे आहे? हे तर आजच चालू आहे!

त्या कथेचे नाव ‘कॉमन पीपल’, म्हणजे सामान्य माणसे. नवरा वेल्डिंगचे काम करणारा मजूर, बायको प्राथमिक शाळेतील शिक्षिका. तिच्या मेंदूत गाठ निघते. एक नवी कंपनी पुढे येते. शस्त्रक्रिया फुकट, मेंदूचा निकामी भाग कंपनीच्या संगणकावरून चालवला जाईल, आणि त्यासाठी महिन्याला ३०० डॉलर द्यावे लागतील. जीव वाचतो. मग अटी बदलू लागतात. ठरावीक क्षेत्राबाहेर गेले की ती बेशुद्ध पडते. क्षेत्र वाढवून हवे असेल तर अधिक पैसे. पैसे भरले नाहीत, तर वर्गात शिकवता शिकवता तिच्या तोंडून जाहिराती बाहेर पडू लागतात आणि आपण काय बोललो याचे तिला भानही राहत नाही. हप्ता भागवण्यासाठी नवरा जादा पाळ्या करतो, आणि अखेर परक्यांच्या करमणुकीसाठी पैसे घेऊन स्वतःची विटंबना करून घेण्यापर्यंत खाली उतरतो. शेवटी तिच्याच विनंतीवरून तो तिचे जगणे संपवतो.

ही कथा दाखवणारी कंपनी स्वतः याच व्यवहारावर उभी आहे, हा विरोधाभास चाहत्यांच्या नजरेतून सुटला नाही. पैसे तसे चित्र, हाच तिचा नियम. भारतात डिसेंबर २०२१ मध्ये तिने मोबाइलपुरता दर महिना १४९ रुपये ठरवला. त्यात चित्र हलक्या प्रतीचे आणि तेही फक्त हातातल्या पडद्यावर. मोठा आणि स्वच्छ पडदा हवा असेल त्याने अधिक मोजावे. भांडवलशाही आपल्यावरील टीकाही विकून नफा कमावू शकते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

परंतु ही कथा लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या प्रेक्षकापुरती नाही. गिरणेच्या खोऱ्यात, चाळीसगाव तालुक्यातल्या कापूस उत्पादकाला ती कोणी सांगितली, तर तिचा सांगाडा त्याला फारसा अपरिचित वाटणार नाही. एके काळी घरच्या कापसाची सरकी राखून ठेवून तीच पुढल्या मृगात पेरली जाई. संकरित वाणांनी ही रीत मोडत आणली आणि २००२ साली बीटी कापसाला केंद्र सरकारची मान्यता मिळाल्यावर ती जवळजवळ संपली. संकरित पिकाची सरकी पेरून तेच उत्पन्न पुन्हा मिळत नाही. दर हंगामाला कृषी सेवा केंद्राची पायरी चढून नवे पाकीट घ्यावे लागते. सुरुवातीच्या वर्षांत ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे १,६०० रुपये पडत, आणि त्यांतला मोठा वाटा त्यातील जनुकाच्या मालकीपोटी घेतला जाई. पुढे २००६ साली एका जनुकाऐवजी दोन जनुकांचे बियाणे आले. पहिल्या बियाण्याला गुलाबी बोंडअळी जुमानत नाही, हे २०१० मध्ये गुजरातेत त्या जनुकाच्या मालक कंपनीनेच मान्य केले. उपाय म्हणून अधिक वरच्या प्रतीच्या बियाण्याकडे बोट दाखवण्यात आले. २०१७ च्या हंगामात त्या वरच्या प्रतीच्या कापसाचीही बोंडे गुलाबी अळीने महाराष्ट्रभर पोखरली. कथेतील शिक्षिकेला दर काही महिन्यांनी जे सांगितले जाते, तेच खानदेशच्या शेतकऱ्याला बियाण्याच्या पाकिटावरून सांगितले गेले होते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. बीटी बियाण्याने आरंभी बोंडअळीला आळा घातला आणि फवारणीचा खर्च वाचवला. कथेतील यंत्रही त्या बाईचा जीव खरोखरच वाचवते. तेव्हा विज्ञानाला दोष देऊन भागणार नाही. दोष आहे तो मालकीच्या व्यवस्थेत. माणसाला ज्यावाचून चालणार नाही अशी वस्तू एकाच्या हाती जाते आणि ती विकत न देता भाड्याने दिली जाते, तेव्हा घेणाऱ्याचा सौदा करण्याचा अधिकार पहिल्याच दिवशी संपलेला असतो.

मराठी सार्वजनिक जीवनात वर्गणी हा जुना आणि मानाचा शब्द आहे. वाचनालय, व्यायामशाळा, कामगार संघटना, साप्ताहिक ही सारी वर्गणीवर उभी राहिली. वर्गणी देणारा सभासद असतो. तो वार्षिक सभेत उठून हिशेब मागतो, कार्यकारिणी बदलतो. आजच्या कंपन्या दरमहा जे घेतात त्यालाही वर्गणी म्हणण्याची चाल पडली आहे. पण तेथे सभाही नाही आणि हिशेबही नाही. दर वाढला तर देणे किंवा सोडणे, एवढेच ग्राहकाच्या हाती उरते. जुलै २०२४ मध्ये देशातील तिन्ही बड्या खासगी दूरध्वनी कंपन्यांनी एकाच आठवड्यात मोबाइलचे दर वाढवले, तेव्हा कोट्यवधी ग्राहकांना याचा अनुभव आला. याला भाडे म्हणावे, हेच प्रामाणिकपणाचे होईल.

चाळीसगावच्या दक्षिणेस, डोंगराच्या कुशीत असलेल्या पाटण येथील शिलालेख या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील राजाने त्याला दान दिले. शिलालेख इ. स. १२०७ चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांच्या नजरेस आणला. त्याच्या मराठी भागात मठाला मिळावयाच्या उत्पन्नाची नोंद आहे : पेठेत विकावयास येणाऱ्या मालावरील हक्क, सुपाऱ्या, आणि प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. म्हणजे गणित आणि ज्योतिषाच्या त्या अध्ययनाच्या दिव्यात तेल होते ते तेल्याच्या घाण्याचे. परंतु या इतिहासाचे गोडवे गाऊन थांबता येत नाही. ती संस्कृत विद्या होती आणि तिचे दार जातीने बंद केलेले होते. तेल देणाऱ्याचे पोर त्या विद्येचे अधिकारी मानले जात नव्हते. देणारा एक आणि अधिकार दुसऱ्याचा, ही रीत म्हणजे कंपन्यांचा नवा शोध नव्हे. तेव्हा ती जातीच्या बळावर चालली, आज ती मालकीच्या बळावर चालते.

मग चाहत्यांच्या उद्गाराचे मोल किती? ‘हे आजच चालू आहे’ असे म्हणणे ही जाणिवेची पहिली पायरी होय. मात्र तेथेच थांबले, तर हळहळ व्यक्त करून माणूस पुढल्या महिन्याचे पैसे भरतो. चाहत्यांनी याहून अधिक करून दाखवल्याचे उदाहरण विज्ञानकथेच्या इतिहासातच आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी माला दुसऱ्या पर्वानंतर बंद होणार, अशी वार्ता पसरताच प्रेक्षकांनी संघटितपणे पत्रांचा वर्षाव केला आणि १९६८ साली वाहिनीला तिसरे पर्व जाहीर करावे लागले. मात्र वाहिनीने ते शुक्रवारच्या रात्री उशिराच्या वेळेवर ढकलले, आणि १९६९ मध्ये माला बंद झाली. संघटनेने निर्णय बदलता येतो. मालकी मात्र जिथली तिथे राहिली, तर तो निर्णय फिरवलाही जातो, असे दोन्ही धडे त्यात आहेत.

कापसाच्या बाबतीत लढा याच्या पुढे गेला. आंध्र प्रदेश सरकारने बियाण्याच्या दराविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली आणि २००६ मध्ये पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आली. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्याच्या किमतीवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. जनुकाच्या मालकीपोटी घेतली जाणारी रक्कम केंद्राने उतरवत नेऊन २०२० मध्ये शून्यावर आणली. त्याआधी २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने घरचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देवघेवीचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला होता. परंतु संकरित वाणाच्या बाबतीत हा हक्क कागदावरच राहतो. कापसाचे सरळ वाण सार्वजनिक संशोधन संस्थांनी मुबलक आणि वेळेवर पुरवले, तरच त्याला अर्थ येईल. ही मागणी अजून लढवावयाची आहे.

विज्ञानकथेच्या चाहत्याला हा विषय परका वाटू नये. मराठीत या साहित्यप्रकाराला बळ दिले ते मराठी विज्ञान परिषदेसारख्या लोकाश्रयावर चालणाऱ्या संस्थेने. तिच्याच स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने आपली कथा पाठवली होती. विज्ञान लोकांपर्यंत न्यावे, ही त्यामागील प्रेरणा. आज विज्ञान लोकांच्या खिशात येऊन पोहोचले आहे. ते लोकांच्या ताब्यात मात्र आलेले नाही. ‘कॉमन पीपल’ पाहून अस्वस्थ झालेल्या चाळीसगावच्या तरुणाने एवढे करावे : आपल्या घरात दरमहा कोणाकोणाला भाडे जाते आणि दर हंगामाला बियाण्यापोटी किती जाते, याची यादी करावी, ती गावच्या वाचनालयात चार जणांपुढे मांडावी, आणि यांपैकी कोणती गोष्ट सार्वजनिक मालकीची असावी, हा प्रश्न त्या सभेपुढे ठेवावा.