आधी फोटो, मग सुई

मंडळी, आजचा विषय जेवताना वाचू नका. पुरुषांच्या ओटीपोटात, मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. शुद्ध मराठीत पुरःस्थ ग्रंथी, पण डॉक्टरांसकट सगळे प्रोस्टेटच म्हणतात. मी गेली दहा वर्षं इंग्लंडमध्ये या अक्रोडाच्या चित्रांवर पोट भरतो. आधी पीएचडी, आता संशोधक इंजिनिअर. काम काय, तर एमआरआयमध्ये दिसलेला डाग सोनोग्राफीच्या पडद्यावर नेमका कुठे येईल हे कॉम्प्युटरला शिकवायचं, म्हणजे बायॉप्सीची सुई तिथेच जाईल. कुणी विचारलं की आई "तो हॉस्पिटलच्या मशीनवर असतो" एवढंच सांगते. (अगदीच खोटं नाही.)

आज हे लिहायला बसलो ते माझ्या लातूरच्या काकांमुळे.

काका बाजार समितीतून निवृत्त झालेले. २०१९ साली त्यांचं रक्तातलं पीएसए ९ आलं. हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन. ते वाढलं की कॅन्सरचा संशय येतो, पण ग्रंथी नुसती वयानं वाढली किंवा सुजली तरी ते वाढतंच. लगेच बायॉप्सी झाली. गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालून बारा तुकडे काढले. कॅन्सर निघाला नाही. निघाला तो ताप, आणि चार दिवस ॲडमिट. २०२१ मध्ये पीएसए १४. पुन्हा बारा तुकडे, पुन्हा "नॉर्मल". २०२२ मध्ये आकडा २१ वर गेला तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी सुईला हात लावण्याआधी एमआरआय काढायला लावला. ग्रंथीच्या पुढच्या भागात गाठ दिसली, तिथे सुई घातली आणि पहिल्याच तुकड्यात कॅन्सर. तोही ग्रंथीचं आवरण ओलांडून बाहेर आलेला. मग रेडिएशन, हार्मोनची इंजेक्शनं. काका आज ठीक आहेत, पण त्या इंजेक्शनांनी माणूस किती थकतो ते घरच्यांनाच ठाऊक.

२०१९ साली ती गाठ केवढी होती हे आता कुणीच सांगू शकत नाही. पण त्या वर्षी वैद्यकाला काय माहीत होतं हे मात्र सांगता येतं. माझं भांडण तिथेच आहे.

साध्या सोनोग्राफीवर ग्रंथी दिसते, गाठ बहुधा दिसत नाही. म्हणून डॉक्टर ठरावीक नकाशाप्रमाणे डावीकडून सहा, उजवीकडून सहा असे तुकडे घेतात. प्रत्येक तुकडा जाडीला एक मिलिमीटरहून कमी, लांबीला दीड-दोन सेंटिमीटर. हिशोब करा: बारा तुकडे मिळून साधारण ०.१ घन सेंटिमीटर. साठीनंतर ग्रंथी ४० घन सेंटिमीटर असणं नेहमीचंच. म्हणजे चारशेवा भाग तपासला आणि उरलेल्या ३९९ भागांबद्दल "नॉर्मल" असं लिहून दिलं! शिवाय सुई मागून जाते, त्यामुळे पुढच्या भागातल्या गाठी सर्रास सुटतात.

काकांना हे समजवायला मला दोन मिनिटं लागली. व्यापारी पोत्यात टोकदार पन्हळ खुपसून मूठभर तूर काढतो आणि भाव ठरवतो. ते चालतं, कारण पोत्यातला माल बऱ्यापैकी एकजीव असतो. पण कुणी लबाडानं एका कोपऱ्यात दगड ठेवला असेल तर पन्हळ दहा वेळा खुपसूनही तो लागेलच असं नाही. काका म्हणाले, "अरे, मग पोतं ओतून बघायचं की!" अगदी बरोबर. माणसाला ओतता येत नाही, म्हणून एमआरआय.

आता पुरावा. ब्रिटनमध्ये 'प्रॉमिस' नावाची चाचणी झाली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. ५७६ पुरुष. प्रत्येकाचा एमआरआय काढला, नेहमीची आंधळी बायॉप्सी केली, आणि खरं उत्तर कळावं म्हणून भूल देऊन दर पाच मिलिमीटरवर सुई घालून अख्खी ग्रंथी पिंजून काढली. ज्यांना खरोखर धोक्याचा कॅन्सर होता त्यांपैकी एमआरआयने ९३ टक्के पकडले, आंधळ्या सुईने ४८ टक्के. दोनांतला एक सुटला! पुढच्याच वर्षी ११ देशांतल्या ५०० पुरुषांवरची 'प्रिसिजन' चाचणी आली. आधी एमआरआय आणि डाग असेल तिथेच सुई, या पद्धतीत धोक्याचा कॅन्सर ३८ टक्के लोकांत सापडला, जुन्या पद्धतीत २६ टक्के. आणि ज्याने कधीच काही बिघडवलं नसतं असा निरुपद्रवी कॅन्सर ९ टक्के, जुन्या पद्धतीत २२. हा दुसरा आकडा लहान समजू नका. निरुपद्रवी कॅन्सरवर घाबरून ऑपरेशन केलं की लघवीवरचा ताबा आणि पुरुषत्व, दोन्ही पणाला लागतात. शिवाय एमआरआय गटातल्या २८ टक्के लोकांना सुई लागलीच नाही.

मे २०१९ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने सांगून टाकलं की संशय असेल तर पहिली तपासणी एमआरआयची. काकांची पहिली सुई त्यानंतर सहा महिन्यांनी.

"आला मोठा इंग्लंडहून शिकवायला!" मान्य. इंग्लंडातही वर्षानुवर्षं अशीच आंधळी टोचाटोची चालली होती, आणि इथेही तपासणीसाठी ताटकळावं लागतं. मुद्दा देशाचा नाही, क्रमाचा आहे.

"एमआरआय महाग पडतो." दोन बायॉप्सी, चार दिवसांचं ॲडमिशन, अँटिबायोटिक आणि तीन वर्षं, याची बेरीज कुणी केली का? त्यातून २०२५ मध्ये आलेल्या 'प्राइम' चाचणीने दाखवलं की शिरेतलं औषध न देता पंधरा-वीस मिनिटांत काढलेला एमआरआयही तितकाच कामाचा असतो, फक्त चित्र स्वच्छ हवं.

"आधी बायॉप्सी करू, लागलाच तर मग एमआरआय." हे सगळ्यात वाईट. सुयांनी ग्रंथीत रक्त साचतं आणि कित्येक आठवडे चित्रात खोटे डाग दिसतात. घर सारवल्यावर पावलांचे ठसे शोधण्यातला प्रकार!

"पण एमआरआयही चुकतो." चुकतो ना. प्रॉमिसमध्येच त्याने निम्म्याहून जास्त निर्दोष लोकांवर संशय घेतला होता. आपल्याकडे तर प्रोस्टेटचा टीबी किंवा जुनी सूजही हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. म्हणून नुसता फोटो बघून उपचार नकोत, सुई हवीच, पण डोळे उघडे ठेवून. आणि फोटो स्वच्छ असला तरी पीएसए चढतच असेल तर गप्प बसायचं नाही.

आता माझ्याच पोटावर पाय देतो. एमआरआय आणि सोनोग्राफी जुळवणारी फ्यूजन यंत्रं भारी किमतीची असतात आणि त्यांच्या जाहिराती त्याहून भारी. "आमच्याकडे ते यंत्र नाही" ही सबब म्हणून आयतीच सापडते. पण नेदरलँड्समधल्या 'फ्यूचर' चाचणीत (२०१९) फ्यूजन यंत्र, एमआरआयच्या आतच केलेली बायॉप्सी आणि नुसता एमआरआय नीट पाहून अंदाजाने घातलेली सुई, या तिघांची तुलना झाली. धोक्याचा कॅन्सर ३४, ३३ आणि ३३ टक्के! माझी पीएचडी एका टक्क्याच्या फरकात बसते. (गाईडना सांगू नका.) यंत्र नसलं तरी चालेल. चित्र बघायची सवय असलेला रेडिओलॉजिस्ट आणि त्याच्याशी बोलणारा युरॉलॉजिस्ट मात्र हवा.

आणि एक कबुली. २०२१ मध्ये काकांनी फोनवर "नॉर्मल आलं रे" म्हटलं, तेव्हा मी काय बोललो? "अरे वा, बरं झालं!" ज्या विषयात डॉक्टरेट केली त्यातला एक प्रश्न मला सुचला नाही. त्या हॉस्पिटलवर रागावताना हे मला आठवत राहतं.

असो. तुमचे वडील, काका, सासरे यांपैकी कुणाचं पीएसए वाढलं तर सुईला होकार देण्याआधी तीन प्रश्न विचारा. एमआरआय आधी काढणार का? सुई घालणारे डॉक्टर तो स्वतः बघणार का? आणि गुदद्वाराऐवजी त्याच्या पुढच्या त्वचेतून बायॉप्सी करता येईल का? त्या वाटेने जंतूंचा त्रास कमी होतो, आणि आपल्याकडचे जंतू नेहमीच्या अँटिबायोटिकांना फारसे जुमानत नाहीत.

डॉक्टर रागावले तर रागावू द्या. आणि एमआरआय काढलात की रिपोर्टच्या कागदावर समाधान मानू नका, सीडीसुद्धा मागून घ्या. काकांची आता कपाटात रेशन कार्डाशेजारी असते.