ज्याची त्याची वाटी

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात चिंचगुळाची आमटी तासन्‌तास राहिली, की ती कळकते. कडवट-तुरट चव येते, घशाशी मळमळतं. 'कळकणं' हे क्रियापद मराठीनं आंबट अन्न आणि उघडं तांबं-पितळ यांची गाठ पडल्यावर जे होतं, त्यासाठी राखून ठेवलं आहे. जुन्या घरात आजीनं आमटीचं बोट जिभेला लावून 'कळकली गं' म्हटलं, की आमटी ओतून दिली जाई. मग कल्हईवाल्याची हाक आली की पातेली अंगणात निघत. नवसागराचा पांढरा धूर, तापलेल्या भांड्यात गरगर फिरणारा कापसाचा बोळा आणि त्यामागोमाग चढत जाणारा कथलाचा चकचकीत थर. जिभेनं तक्रार केली होती आणि घरानं ती ऐकली होती.

आज त्याच घरात सहा-सात वर्षांचं मूल स्टीलचा चमचा तोंडातून काढतं आणि म्हणतं, 'चमच्याची चव लागते.' उत्तर ठरलेलं असतं: 'नखरे नकोत, गपचूप जेव.'

या दोन प्रसंगांमधला फरक अन्यायाचा आहे. आजीची जीभ जाणती ठरली आणि नातवाची जीभ लाडावलेली. वास्तविक ताट, वाटी, पेला, चमचा कशाचा आहे याचा जेवणावर परिणाम होतो, तो मोजता येतो, आणि काही माणसांना तो इतरांपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. अशा माणसांची सोय करायला फारसा खर्चही येत नाही. तरीही घरं, शाळा, रुग्णालयं आणि मंगल कार्यालयं या गोष्टीला हट्टाच्या खात्यात टाकतात. ते थांबायला हवं.

आधी जिभेकडे पाहू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले पदार्थवैज्ञानिक मार्क मिओडोव्निक, झोई लॉफलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच आकाराच्या चमच्यांवर वेगवेगळे धातू चढवले: सोनं, चांदी, जस्त, तांबं, कथील, क्रोमियम, शिवाय एक स्टेनलेस स्टीलचा. हे चमचे नुसतेच लोकांना चाखायला दिले. जस्त आणि तांबं सर्वांत कडवट, सर्वांत 'धातूसारखं' लागलं. सोनं आणि क्रोमियम जवळजवळ बेचव. कारण सरळ रसायनशास्त्राचं होतं. जो धातू लाळेत सहज विरघळतो तो जिभेला कळतो, जो विरघळत नाही तो गप्प राहतो. हे संशोधन 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे लंडनमधल्या एका भारतीय रेस्टॉरंटात याच चमच्यांनी जेवण झालं, तेव्हा सोन्याच्या चमच्यानं खाल्लेलं आंब्याचं सॉर्बे जेवणाऱ्यांना विलक्षण आवडलं. मराठी घरांत उष्टावणाला मामा सोन्याच्या अंगठीनं बाळाला खीर चाटवतो. बाळाच्या आयुष्यातला पहिला घास ज्या धातूनं दिला जातो, तो या यादीतला सर्वांत मुका धातू आहे.

स्टेनलेस स्टीलची गोष्ट थोडी वेगळी. इंग्लंडमधल्या शेफील्डला 1913 मध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम मिसळलेलं न गंजणारं पोलाद तयार केलं. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा आपोआप धरतो आणि खालचा धातू झाकून ठेवतो. म्हणून बहुतेकांच्या जिभेला स्टील मुकं वाटतं. बहुतेकांच्या, सगळ्यांच्या नाही. शिवाय धातूची 'चव' म्हणून जे जाणवतं त्यात वासाचा वाटा मोठा असतो. लोखंडाची वस्तू हातात धरल्यावर येणारा वास खरं तर लोखंडाचा नसतो. त्वचेवरच्या तेलाशी लोहाची प्रक्रिया होऊन तयार झालेल्या द्रव्यांचा तो असतो, हे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं दाखवलं. 'पेल्याला वास येतोय' म्हणणारं मूल खोटं बोलत असेलच असं नाही.

स्टीलनं मराठी स्वयंपाकघर जिंकलं ते योग्य कारणांनी. ते फुटत नाही, त्याला कल्हई लागत नाही, चिंच-कोकम-ताक काहीही ठेवलं तरी कळकत नाही. जुने कपडे घेऊन बोहारणीनं दिलेलं स्टीलचं पातेलं म्हणजे घासणाऱ्या बाईच्या हातांची मोठी सुटका होती. पण एकच धातू घराघरांत पोचल्यावर तो सगळ्यांना सारखाच मानवतो असं गृहीत धरलं गेलं. काशाचं ताट, चांदीचं फुलपात्र, दगडी, चिनी मातीची बरणी, पळसाची पत्रावळ, केळीचं पान, द्रोण हे सगळं एकाच घरात नांदत होतं, तेव्हा निवडीला जागा होती. लोणचं धातूत ठेवायचं नाही, दही तांब्याच्या भांड्यात लावायचं नाही, हे नियम होते आणि त्यांना कुणी नखरे म्हणत नव्हतं.

हातानं जेवण्याच्या पद्धतीनं आणखी एक बाब झाकून ठेवली. वरणभात बोटांनी कालवून खाणाऱ्याच्या जिभेला धातू लागतच नाही. पाणी वरून पिणाऱ्याच्या ओठांनाही भांडं शिवत नाही. घासाची उष्णता आधी बोटांना कळते, मग तोंडाला. शाळेच्या डब्याबरोबर आणि कचेरीतल्या जेवणाबरोबर चमचा आला आणि धातू थेट जिभेवर येऊन बसला. ज्यांना तो सोसत नाही, त्यांची अडचण तेव्हापासून ठळक झाली.

आता कानाकडे वळू. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 13 जणांना 74 आवाज ऐकवले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वांत असह्य ठरलेला आवाज बाटलीवर घासलेल्या सुरीचा होता. दुसरा काचेच्या पेल्यावर घासलेल्या काट्याचा. फळ्यावरचा खडू तिसरा आला. पहिल्या दोन जागा जेवणाच्या टेबलावरच्या वस्तूंनी पटकावल्या, हे मुद्दाम लक्षात घ्यावं. असे त्रासदायक आवाज प्रामुख्यानं 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात येतात आणि माणसाचा कान याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. शिवाय हे आवाज ऐकताना मेंदूतलं भीतीशी निगडित केंद्र, अमिग्डाला, जोरात कामाला लागतं.

म्हणजे स्टीलच्या ताटावर चमचा खरवडला की ज्याच्या अंगावर काटा येतो, दात शिवशिवतात, त्याचं शरीर धोक्याच्या घंटेला उत्तर देत असतं. अशा वेळी 'काय एवढं त्यात' हे वाक्य निरुपयोगी आहे. शेजारी बसलेल्याला तो आवाज टोचत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. शाळेत पोषण आहाराच्या वेळी शंभर ताटल्या फरशीवर एकदम आपटतात. त्या गोंगाटात एखादं मूल कानावर हात ठेवून न जेवता बसून राहिलं, तर त्याला भूक नाही असं समजण्याआधी कुणीतरी त्याच्या कानांचा विचार करावा.

त्वचेचं गणित तर पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकातलं आहे. उष्णता वाहून नेण्यात स्टेनलेस स्टील चिनी मातीच्या सुमारे दहापट आणि लाकडाच्या सुमारे शंभरपट पुढे आहे. तांबं स्टीलच्याही पंचवीसपट. चहा तोच, गरमपणा तोच, पण स्टीलचा पेला ओठ पोळतो आणि चिनी मातीचा कप पोळत नाही. कपबशीशिवाय चहा न घेणारी वृद्ध माणसं ओठांचंच ऐकत असतात.

उलट दिशेचा त्रासही आहे. केंद्र सरकारनं 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ यांवर बंदी घातली; महाराष्ट्रात तशा वस्तूंवर 2018 मध्येच बंदी आली होती. ही बंदी आवश्यक होती आणि ती कसोशीनं पाळलीही जावी. पण तिच्यामागून आईस्क्रीमच्या कपात लाकडी चमचा आला. त्याचा कोरडा, खरखरीत पृष्ठभाग लाळ शोषतो, जिभेला ओरखडल्यासारखा लागतो. काहींना तो नुसता आठवला तरी शहारा येतो. यावरचा उपाय प्लास्टिककडे परत जाण्याचा नाही. रसवंतीत, आईस्क्रीमच्या दुकानात मागितला तर धुतलेला स्टीलचा चमचा मिळावा. जिथं तो मिळत नाही तिथं पिशवीतून स्वतःचा चमचा काढणाऱ्याकडे कुणी टकमक बघू नये.

भांड्याचा परिणाम फक्त नाजूक संवेदनांच्या लोकांवरच होतो असंही नाही. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स यांच्या सहभागानं झालेल्या एका प्रयोगात तेच स्ट्रॉबेरी मूस काळ्या ताटलीपेक्षा पांढऱ्या ताटलीत लोकांना अधिक गोड लागलं. दुसऱ्या एका प्रयोगात चमच्याचं वजन बदललं आणि दह्याचा दाटपणा वेगळा भासला. फरक सगळ्यांनाच जाणवतो. काहींना तो कुजबुजीसारखा ऐकू येतो, काहींना किंकाळीसारखा.

किंकाळीसारखा ज्यांना ऐकू येतो त्यांत स्वमग्न मुलं आणि मोठी माणसंही आहेत. मानसिक विकारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन नियमावलीच्या 2013 च्या आवृत्तीनं आवाज, स्पर्श, वास यांना अति किंवा अत्यल्प प्रतिसाद देणं हे स्वमग्नतेच्या लक्षणांत स्पष्टपणे नोंदवलं. भारताच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. संस्थेवर अवाजवी बोजा न टाकता करता येणारा आवश्यक बदल नाकारणं, हा त्या कायद्यानुसार भेदभाव ठरतो. चिनी मातीची एक वाटी किंवा सिलिकॉनच्या टोकाचा एक चमचा यांचा बोजा कोणत्या शाळेला होणार आहे? 'सगळ्यांनी स्टीलचाच डबा आणायचा' हा नियम स्वच्छतेसाठी चांगला आहे, पण नियमाच्या खाली 'अडचण असल्यास कळवा' अशी एक ओळ छापायला शाईही फारशी लागत नाही.

कर्करोगाच्या उपचारांत असलेल्या रुग्णांची अवस्था याहून अवघड. केमोथेरपीनं चव बदलते, तोंडात सतत धातू असल्यासारखं वाटतं. अशा वेळी धातूचा चमचा टाळून प्लास्टिकचा किंवा लाकडी चमचा वापरावा, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यातून जेवण द्यावं, हा सल्ला आहारतज्ज्ञ नेहमी देतात. तरीही रुग्णाच्या खाटेशी खणांचं स्टीलचं ताट आणि स्टीलचा चमचाच येतो. नातेवाईक काकुळतीला येऊन 'दोन घास तरी खा' म्हणत राहतात आणि अडथळा त्यांच्याच हातातल्या चमच्यात असतो. प्रत्येक कर्करोग विभागाच्या पाकघरात धातूविरहित भांड्यांचा एक संच असणं ही वैद्यकीय गरज मानली गेली पाहिजे.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे ऐकावा लागेल. मुलाचं प्रत्येक म्हणणं ऐकलं तर ते जगात कसं निभावणार, असं पालक विचारतात. ही काळजी खरी आहे. बाहेर सगळीकडे त्याच्या आवडीची वाटी असणार नाही. पण सवय लागायला आधी पोट भरलेलं आणि मन शांत असावं लागतं. ज्या वाटीत मूल निवांत जेवतं ती आधी द्यावी. मग कधी शेजारी स्टीलची वाटी ठेवावी, कधी तिच्यात कोरडे चुरमुरे द्यावेत, असं हळूहळू पुढे जाता येतं. तोंडात कोंबलेल्या चमच्यानं मूल चमच्याला नाही, जेवणालाच घाबरायला शिकतं.

दुसरी अडचण बाजारानं निर्माण केली आहे. काशाच्या ताटाला, तांब्याच्या बाटलीला रोगनिवारणाचे गुण चिकटवून विकलं जातं. त्यामुळे आवड सांगतानाही माणसाला आरोग्याचा दाखला द्यावासा वाटतो. त्याची गरज नसावी. 'मला या भांड्यातून खाताना त्रास होतो' हे कारण पूर्ण आहे.

मराठी ताटाला तर हे शिकवायचीही गरज नाही. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, रस्सा वाटीत, कारण एकाचा ओघळ दुसऱ्यात जाऊ नये असं कुणालातरी फार पूर्वी वाटलं. आजोबांच्या फुलपात्राला इतर कुणी तोंड लावत नाही. आजीचा कानतुटका कप कुणी फेकत नाही. घरातल्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं कोरलेली असतात. भांडं माणसाचं असतं हे या घरांनी कधीच मान्य केलेलं आहे. ते मुलांच्या, सुनांच्या, आजाऱ्यांच्या बाबतीतही मान्य करावं, एवढंच मागणं आहे.

नाशिकच्या भांडी बाजारात किंवा पुण्याच्या बोहरी आळीत आजही मोठी माणसं पातेलं टिचकी मारून, वाजवून, हातात तोलून घेतात. पुढच्या खेपेला मुलालाही बरोबर न्यावं. चार चमचे त्याच्या हातात द्यावेत, एक काठाशी वाजवू द्यावा, एकाचा वास घेऊ द्यावा आणि दुकानदाराला दोन मिनिटं थांबायला सांगावं.